लिनक्स निवडताना आधी मदत करणारे पाहावेत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला देत असलेला नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून "आता लिनक्स टाकायचे म्हणतोय, कोणते टाकू?" असा प्रश्न ओळखीची माणसे मला वरचेवर विचारतात. त्यांपैकी बहुतेकांचे लॅपटॉप चांगले धडधाकट आहेत. अडचण एवढीच, की त्यांच्या प्रोसेसरचे नाव विंडोज ११च्या यादीत नाही किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यांत नाही. अशा वेळी मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन, आर्च या डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांची, तुलना करणारे व्हिडिओ पाहून माणूस गोंधळतो, कारण त्या तुलनेत मेनू कसा दिसतो, रंगसंगती कशी आहे, चालू व्हायला किती सेकंद लागतात, याचीच चर्चा जास्त असते. नवख्या माणसाने यातले काहीही आधी पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण अडलो की कोणाला विचारणार आहोत आणि त्यांचे उत्तर आपल्याला समजणार आहे का, हे आधी पाहावे. ज्या डिस्ट्रोचे मदत करणारे लोक आपल्याला झेपतील, ती डिस्ट्रो आपली.

हे म्हणणे लिनक्सच्या स्वभावाला धरूनच आहे. विंडोजसारखीच संगणक चालवणारी ही प्रणाली घडत होती, तेव्हा तिच्याविषयीचा पहिला सार्वजनिक मागमूस म्हणजे एक प्रश्नच होता. ३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या, एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने मिनिक्स या प्रणालीच्या न्यूजग्रुपवर (ऑनलाइन चर्चागटावर) विचारले, की मी मिनिक्सवर एक प्रकल्प करतो आहे, त्यासाठी पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाचे नियम हवे आहेत, ते संगणकावर वाचता येतील अशा स्वरूपात कुठे मिळतील. प्रश्न जेमतेम दोन-तीन ओळींचा होता. पण कशासाठी हवे, काय हवे आणि कोणत्या स्वरूपात हवे, हे तिन्ही त्यात आले होते. पुढे २५ ऑगस्टला त्याने आपण एक मोफत प्रणाली लिहीत असल्याचे त्याच ठिकाणी जाहीर केले, तेही लोकांना मिनिक्समधले काय आवडते आणि काय नाही, हे विचारतच. ज्या सर्व्हरवर ती प्रणाली ठेवली गेली, तिथल्या फोल्डरला 'लिनक्स' हे नाव अरी लेम्के यांनी दिले. टॉरवाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होते. सांगायचे ते इतकेच, की अनोळखी लोकांना विचारणे हा लिनक्समध्ये कमीपणाचा भाग नाही, ती तिथली पहिल्यापासूनची रीत आहे.

आता निवडीकडे वळतो. मी नवख्यांना बहुतेक वेळा लिनक्स मिंट सुचवतो आणि त्याचे कारण तिचा डेस्कटॉप नाही. मिंट उबुंटूवर बेतलेली आहे, त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बहुतांश उत्तरे तिला लागू पडतात, शिवाय मिंटच्या स्वतःच्या मंचावर (ऑनलाइन फोरमवर) पहिल्यांदा आलेल्या माणसाला सांभाळून घेणारी जुनी मंडळी आहेत. फक्त एक खाच लक्षात ठेवावी लागते. मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि मिंट २१ ही २२.०४ वर, दोघींची सांकेतिक नावेही वेगवेगळी असतात. उत्तर शोधताना आपल्या मिंटच्या पोटात कोणती उबुंटू आहे ते माहीत नसेल, तर चुकीच्या आवृत्तीचे पॅकेज गळ्यात पडते. याउलट आर्चच्या मंचाचा नियम असा आहे, की तिथे फक्त आर्चचेच प्रश्न विचारावेत. आर्चवर बेतलेल्या मांजारोसारख्या डिस्ट्रो वापरणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या मंचाकडे धाडले जाते. यात उद्धटपणा नाही. दुसऱ्याने बदललेल्या प्रणालीची जबाबदारी त्यांनी का घ्यावी? मात्र आर्चचा विकी, म्हणजे तिचे ऑनलाइन माहितीपुस्तक, कोणत्याही डिस्ट्रोच्या माणसाने वाचावा असा आहे, आणि मी स्वतः मिंट वापरत असूनही ध्वनी किंवा ब्लूटूथ बिघडले की आधी तिथेच जातो.

बसवण्यापूर्वीची तयारी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आपल्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे असेल, तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू राहिले तर विंडोज अर्धवट झोपलेले राहते आणि त्याच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिता येत नाही. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहावे. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागे होणे, या गोष्टी तिथेच तपासता येतात. जे तिथे चालत नाही, ते बसवल्यावरही बहुधा आपोआप चालणार नाही, आणि ते आधी कळले तर प्रश्न विचारायला पुरेशी सवड मिळते.

माझी धाकटी बहीण सोलापूरला शाळेत शिकवते. तिच्या लॅपटॉपवर मिंट बसवल्यावर सगळे सुरळीत चालले, वायफाय तेवढे नाही. तिने मंचावर टाकण्यासाठी लिहिलेला मसुदा मला पाठवला, तो असा होता: "नमस्कार सर, मी लिनक्समध्ये अगदी नवीन आहे. माझे वायफाय चालत नाही. सर्व उपाय करून पाहिले. मला याचे काहीच ज्ञान नाही, तरी कृपया लवकरात लवकर मदत करावी ही नम्र विनंती." शाळेच्या अर्जाला शोभेल असा हा मजकूर आहे आणि त्यात नम्रता पुरेपूर आहे, पण उत्तर देणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. कोणता लॅपटॉप, कोणते कार्ड, कोणती आवृत्ती, कोणते उपाय आणि 'चालत नाही' म्हणजे नेमके काय दिसते? नेटवर्कची नावेच दिसत नाहीत, की दिसतात पण जोडली जात नाहीत, की जोडली जाऊन इंटरनेट मिळत नाही? हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधे वेगळी.

आम्ही फोनवर बसून तो प्रश्न पुन्हा लिहिला. आधी तिच्या मोबाइलचे इंटरनेट यूएसबी केबलने लॅपटॉपला दिले. ही सोय मिंटमध्ये काही न बसवता चालते आणि वायफाय अडले असताना तीच कामी येते. मग तिने टर्मिनल, म्हणजे कमांड टंकायची खिडकी, उघडून दोन कमांड चालवल्या. (या नोंदीत कमांडांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.) पहिली 'इन्क्सी', तिच्यापुढे एक आडवी रेघ आणि मोठा एफ, लहान एक्स व लहान झेड ही अक्षरे. ही कमांड संगणकाची सगळी कुंडली मांडते, आणि त्यातल्या झेडमुळे मॅक पत्ता, आयपी पत्ता, अनुक्रमांक अशा खासगी गोष्टी झाकल्या जातात. झेड विसरू नये. दुसरी 'एलएसपीसीआय', तिच्यापुढे आडवी रेघ आणि लहान अक्षरांत एनएनके. तिच्या उत्तरात नेटवर्क कार्डाच्या ओळीत चौकटी कंसामध्ये चार-चार अक्षरांचे दोन गट आणि मध्ये अपूर्णविराम दिसतो. तो कार्डाचा खरा ओळख क्रमांक. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर काहीही लिहिलेले असो, त्या लॅपटॉपच्या पोटात कोणते कार्ड बसवले आहे, हे हाच क्रमांक सांगतो. त्याखालच्या ओळींत कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) वापरात आहे ते येते, आणि बहिणीच्या बाबतीत ती 'वापरात आहे' सांगणारी ओळच नव्हती.

प्रश्नाच्या मथळ्यात आता 'मदत हवी' ऐवजी डिस्ट्रोची आवृत्ती, लक्षण आणि कार्डाचा क्रमांक आला. मजकुरात तिने घडलेले क्रमाने लिहिले: ड्रायव्हर मॅनेजरने अमुक ड्रायव्हर सुचवला, तो बसवला, संगणक पुन्हा चालू केला, तरी वायफायच्या यादीत एकही नाव येत नाही. कमांडांची उत्तरे पडद्याचा फोटो काढून न टाकता मजकूर म्हणून चिकटवली, म्हणजे वाचणाऱ्याला त्यातला शब्द उचलून शोधता येतो. फोटो पाहून उत्तर देणारेही असतात, पण मोबाइलने तिरका काढलेला, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडलेला फोटो वाचण्याची सक्ती आपण फुकट मदत करणाऱ्यावर का करावी?

पहिले उत्तर रात्रीत आले आणि ते एका वाक्याचे होते: सिक्युअर बूट चालू आहे का ते बघा आणि ड्रायव्हर 'मोडप्रोब'ने हाताने चढवून काय येते ते इथे टाका. बहिणीला ते तुटक वाटले. मला ते उत्तम वाटले, कारण त्या माणसाने तिचा प्रश्न पूर्ण वाचून दोनच शक्यता शिल्लक ठेवल्या होत्या. मोडप्रोबच्या उत्तरात किल्ली नाकारली गेल्याचा संदेश होता, आणि तिथे उलगडा झाला. ड्रायव्हर बसवताना मिंटने तिला एक पासवर्ड ठरवायला सांगितले होते आणि पुढच्या वेळी संगणक चालू होताना एक निळा पडदा आला होता. त्यावरचे इंग्रजी वाचून तिला काही तरी बिघडल्याचे वाटले, म्हणून तिने 'पुढे चला' असा पर्याय निवडला. वास्तविक तो पडदा विचारत होता, की या ड्रायव्हरवर सही करणारी नवी किल्ली विश्वासू म्हणून नोंदवू का. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सही नसलेला किंवा अनोळखी सहीचा ड्रायव्हर आत घेत नाही. किल्लीची नोंदणी राहून गेली, म्हणून ड्रायव्हर डिस्कवर असूनही दाराबाहेर उभा होता. उत्तर देणाऱ्याने 'मोकयूटिल' या कमांडने ती किल्ली पुन्हा नोंदणीसाठी मांडायला सांगितली, निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायला सांगितले, आणि वायफाय सुरू झाले.

निळ्या पडद्याचा उल्लेख तिच्या प्रश्नात नव्हता, कारण तिच्या मते तो वायफायशी संबंधित नव्हता. हे सगळ्यांच्याच बाबतीत होते. आपण मनाशी एक कारण ठरवतो आणि त्या कारणाला जुळणारेच तपशील सांगतो, उरलेले गाळतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे मूळ अडचण न सांगता आपण शोधलेल्या उपायाचाच प्रश्न विचारणे. "कर्नल जुना कसा करू?" असे एखादा विचारतो, त्यावर लोक चार दिवस उत्तरे देतात, आणि पाचव्या दिवशी कळते, की त्याला फक्त ब्राइटनेसची कळ चालत नव्हती. म्हणून प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत शेवटी काय साधायचे आहे ते लिहावे, आणि मग आपण कुठे अडलो ते.

मराठी माणसाला इथे इंग्रजीचा संकोच आड येतो, हे मी बऱ्याचदा पाहिले आहे. तो अनाठायी आहे. मोठ्या मंचांवर उत्तरे देणारे जर्मन, पोलिश, ब्राझिलियन लोकही इंग्रजी शिकूनच लिहितात, आणि साध्या छोट्या वाक्यांचे त्यांना स्वागतच असते. व्याकरणापेक्षा कमांड आणि तिचे उत्तर महत्त्वाचे. 'रिस्पेक्टेड सर' आणि 'अर्जंट' हे दोन शब्द मात्र वगळावेत. पहिल्याने काही बिघडत नाही पण साधतही नाही, दुसऱ्याने वाचणारा हमखास वैतागतो. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. ज्यांनी आपला डेस्कटॉप मराठीत ठेवला आहे, त्यांच्या काही कमांडांचे संदेश मराठीत किंवा अर्धे मराठीत येतात, आणि ते बर्लिनमधल्या माणसाला वाचता येत नाहीत. त्यासाठी डेस्कटॉपची भाषा बदलण्याची गरज नाही. कमांडच्या आधी रोमन मोठ्या अक्षरांत 'एलसी', अंडरस्कोर, 'ऑल', बरोबरचे चिन्ह आणि 'सी' एवढे जोडून एक जागा सोडली, की त्या एका कमांडपुरते संदेश इंग्रजीत येतात. मराठीतून लिनक्स वापरणाऱ्याला ही युक्ती पहिल्या दिवशीच सांगायला हवी.

वेळेचेही भान ठेवावे. हिवाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात, आणि नोकरी सांभाळून मदत करणारी युरोपातली माणसे त्याच सुमारास मंचावर येतात. दुपारी विचारलेल्या प्रश्नाला संध्याकाळपर्यंत उत्तर नाही म्हणून तोच प्रश्न तीन ठिकाणी टाकला, तर तीन ठिकाणची माणसे एकच खटपट वेगवेगळी करतात आणि हे कळल्यावर त्यांचा उत्साह मावळतो. एक दिवस थांबावे, आणि तोवर आणखी काही माहिती मिळाली तर आपल्याच प्रश्नाखाली ती घालावी.

मराठीचेच प्रश्न मात्र परदेशी मंचांवर फारसे सुटत नाहीत. आयबस या टंकनाची भाषा बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार चालणारी मांडणी कशी जोडायची, एवढे तिथे कळेल. पण शाळेतली जुनी प्रश्नपत्रिका उघडल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसतो, ही तक्रार तिथे कोणाला समजणार? ती फाइल कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असते, म्हणजे आतमध्ये मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. लोहित किंवा नोटो हे फॉन्ट कितीही चांगले असले तरी अशा फाइलीला त्यांचा उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो, आणि रूपांतरानंतर रफार, पोटफोड्या 'ष' आणि 'ऱ्य' डोळ्यांनी तपासावे लागतात. हे अनुभवाने माहीत असणारी माणसे पुणे लिनक्स युजर्स ग्रुपसारख्या इथल्या गटांत सापडतात. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरही मराठीत मदत मिळते, आणि ती पटकन मिळते, हे मान्य. पण तिथले उत्तर दोन दिवसांत शुभेच्छांच्या खाली गाडले जाते आणि शोधयंत्राला दिसत नाही, म्हणून तोच प्रश्न पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. मला स्वतःला ही पद्धत पटत नाही.

उत्तर मिळाल्यावर ते डोळे झाकून चिकटवू नये, हेही सांगायला हवे. 'सुडो'ने सुरू होणारी कमांड संपूर्ण प्रणालीला हात घालू शकते. तिच्यातील प्रत्येक पर्याय 'मॅन' या कमांडने उघडणाऱ्या माहितीपानावर वाचता येतो, आणि ते वाचायला लागणारी पाच मिनिटे काही वाया जात नाहीत. उत्तराची तारीख पाहावी. २०१२ साली उबुंटूसाठी बरोबर असलेला उपाय आज निरर्थक असू शकतो, क्वचित घातकही. इंटरनेटवरून स्क्रिप्ट ओढून ती थेट सुडोच्या हाती देणारी ओळ दिसली, तर आधी ती स्क्रिप्ट उतरवून वाचावी, आणि समजली नाही तर तसे विचारावे. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून बसवलेले असते. कुठलाही मोठा उपाय करण्यापूर्वी त्याचा एक स्नॅपशॉट घेतला, तर प्रणाली मागे नेता येते. हल्ली चॅटबॉटला विचारण्याचा ओढा आहे, आणि एखादा संदेश समजून घ्यायला तो उपयोगी पडतोही. पण अस्तित्वात नसलेला पर्याय तो तितक्याच ठामपणे सांगतो. अशी उत्तरे लोक तपासल्याशिवाय टाकू लागले, म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्येच त्यांच्यावर बंदी घातली. चॅटबॉटने सुचवलेले काही आधी करून पाहिले असेल, तर तेही प्रश्नात लिहावे, कारण बिघाडात त्याची भर पडलेली असू शकते.

वायफाय सुरू झाल्यावर बहिणीने त्याच प्रश्नाखाली काय केल्याने काम झाले, ते कमांडांसह लिहिले आणि मथळ्यापुढे 'सुटले' अशी खूण केली. निळ्या पडद्यावर कोणता पर्याय चुकून निवडला गेला होता, हेही तिने लिहिले. तेच वाक्य पुढच्या माणसाला सर्वांत उपयोगी पडेल. त्यानंतर तिने बोटाच्या ठशाच्या सेन्सरचा प्रश्न वेगळा टाकला, सेन्सरचा ओळख क्रमांक 'एलएसयूएसबी'ने काढून. त्यावर एकाने लिबएफप्रिंट या प्रकल्पाची आधार असलेल्या उपकरणांची यादी दाखवली. तिचा सेन्सर त्या यादीत नाही. ती आता पासवर्ड टंकून लॅपटॉप उघडते.